निवेदनात नसलेलं नाव



परभणी आकाशवाणीवर जुनं चित्रपटगीत लागलं की आपण गायक, गीतकार आणि संगीतकाराचं नाव ऐकतो. ‘आराधना’तलं (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’ असेल तर किशोरकुमार, आनंद बक्षी, सचिनदेव बर्मन. पण त्या गाण्यात किशोरकुमार थांबले की अकॉर्डियन पुढे सरकतं. त्या आर्त, जरा धोकादायक सुरांशिवाय ते गाणं अर्धंच राहील. ते वाजवणारे केरसी लॉर्ड. आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

जन्म १९३५चा, मुंबईच्या पारशी घरातला. वडील कावस आणि भाऊ बुजी, दोघंही तालवाद्यांतले. केरसीही स्टुडिओत शिरले ते तालवाद्यं घेऊनच; पट्ट्यांची वाद्यं नंतर आली. ‘हम दोनो’त (१९६१) देव आनंदच्या लायटरची नाजूक धून आठवते? ती त्यांच्या ग्लॉकेनस्पीलवरची.

तेव्हाचं ध्वनिमुद्रण डोळ्यांपुढे आणा. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी. समोर नोटेशनचा कागद, थोडी तालीम, की टेक. शेवटच्या कडव्यात कुणा एकाचं बोट चुकलं, तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मोबदला त्या दिवसाच्या कामाचा. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी वादकाला त्यात वाटा नाही.

सत्तरच्या दशकात केरसींनी मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य आणलं आणि सोबतचे काही वादक धास्तावले. हे यंत्र आपल्या पोटावर पाय देणार, असं त्यांना वाटलं. ती भीती खोटी नव्हती; पुढे मोठे वाद्यवृंद स्टुडिओतून जवळजवळ हद्दपारच झाले. तरीही त्याचं खापर केरसींवर फोडणं मला मान्य नाही. त्यांना नवा नाद हवा होता, माणसं कमी करायची नव्हती.

पडद्यामागे राहिलेल्या वादकांची गोष्ट फक्त मुंबईची नाही. तिकडे जमैकात, किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये, जॅकी मिटू ऑर्गनवर बसायचे. तिथल्या रेगे संगीतात ऑर्गन ठोक्यावर येत नाही. दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत येतो आणि त्यानेच गाणं डुलायला लागतं. मिटूंच्या बँडच्या ‘रिअल रॉक’ या १९६७च्या धुनेवर कितीतरी गायकांनी आपापली गाणी बेतली. त्या गायकांची नावं गाजली. मिटू १९९०मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले.

केरसी २०१६मध्ये गेले. त्यांच्यावर माहितीपट निघाला, ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांवर आख्खं पुस्तक लिहिलं. पण निवेदनात ते नाव अजून आलेलं नाही.

आपल्या हातात काय आहे? आकाशवाणीला पत्र लिहा; वादक ठाऊक असेल तिथे त्याचंही नाव सांगा म्हणावं. आणि येत्या गणेशोत्सवात गाण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका छापाल, तेव्हा गायकाच्या नावाखाली ‘आणि सहकारी’ लिहून मोकळे होऊ नका. पेटीवर कोण, तबल्यावर कोण, कीबोर्डवर कोण, पूर्ण नावानिशी छापा.