ताडोबाचे प्रवेशद्वार आणि वाहनाविना मुक्काम

नागपूरच्या हुडकेश्वर भागातून उमरेड, भिसी आणि चिमूरमार्गे ताडोबाचे कोलारा प्रवेशद्वार नकाशावर जवळचे दिसत असले, तरी स्वतःची मोटार नसलेल्या पर्यटकाने अंतरापेक्षा शेवटच्या टप्प्यातील वाहतुकीचा विचार आधी करणे हिताचे ठरते. चिमूरपर्यंत एसटीने जाता येते. खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. याउलट मोहर्ली प्रवेशद्वारासाठी नागपूरहून रेल्वेने चंद्रपूर गाठता येते आणि पुढचे सुमारे तीस किलोमीटर बसने किंवा भाड्याच्या वाहनाने कापता येतात. शिवाय मोहर्लीत पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे.

सफारीचे आरक्षण विशिष्ट प्रवेशद्वारापुरतेच असते, त्यामुळे द्वार ठरल्यावरच खोली ठरवावी. हा क्रम उलटला की स्वस्त खोलीमुळे वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. सकाळची फेरी उजाडतानाच सुरू होते, आणि निवासस्थाने बहुधा बफर क्षेत्रात, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीच्या गावे, शेती व जंगल यांच्या मिश्र पट्ट्यात असतात, जेथे वाघ-बिबट्यांचा वावर असल्याने पहाटेच्या अंधारात एक किलोमीटरही पायी जाणे धोक्याचे असते. म्हणून सफारीची नोंदणीकृत जिप्सी निवासस्थानापासून नेईल काय, त्याचे वेगळे शुल्क पडेल काय आणि दोन फेऱ्यांमधील जेवण तेथेच मिळेल काय, हे आधी विचारावे. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते व पावसाळ्यात तेथील पर्यटन थांबते.