मापनाची शिस्त आणि विज्ञानाचा प्रयोग

शेर व मण यांचे मान पूर्वी प्रांतोप्रांती भिन्न होते. १९५६ च्या कायद्याने देशाने वजन-मापांची दशमान पद्धती स्वीकारली. मात्र एककावाचून आकडा निरर्थकच. १९९९ मध्ये अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका गटाने आवेग पौंड-सेकंदांत दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदांत समजून वापरला.

प्रयोगालाही हीच शिस्त हवी. लंबकाच्या आवर्तकालावर लांबीचा परिणाम तपासताना केवळ लांबी बदलावी. गोळा व आंदोलनाचा कोन कायम राखावा. २० आंदोलनांचा वेळ मोजून २० ने भागल्यास घड्याळ सुरू-बंद करण्यातील त्रुटीही तितक्याच भागांत विभागली जाते. मोजमाप पुन्हा करावे आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहावे. निष्कर्षाची विश्वसनीयता याच सवयीवर अवलंबून असते.