खिशातलं घड्याळ



आज मी मला फार आवडणाऱ्या एका कथेविषयी बोलणार आहे.

झुंपा लाहिरी यांचा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ हा कथासंग्रह १९९९ साली आला. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. लाहिरी बंगाली आईवडिलांच्या कन्या, लंडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या. या संग्रहातल्या एका कथेत लिलिया ही भारतीय बंगाली घरातली दहा वर्षांची मुलगी आहे. साल १९७१. तिच्या अमेरिकेतल्या घरी पिरजादा नावाचे गृहस्थ संध्याकाळी जेवायला येतात. ते ढाक्याचे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले. बायको आणि सात मुली तिकडे, बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वणव्यात. खुशाली कळायला मार्ग नाही. त्यांच्या मनगटावर अमेरिकेची वेळ असते. जेवायला बसताना मात्र ते खिशातून दुसरं घड्याळ काढून समोर ठेवतात. त्यात ढाक्याची वेळ, अकरा तास पुढची.

लिलियाचे वडील नकाशा दाखवून सांगतात की पिरजादा भारतीय नाहीत. तिला ते उमगत नाही. भाषा तीच, हाताने भात कालवणं तेच, मग परके कसे? शाळेत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे धडे चाललेले. वाचनालयात ती पाकिस्तानवरचं पुस्तक उघडून बसते, तर बाई ते परत जागेवर ठेवायला लावतात, कारण ते तिच्या अभ्यासातलं नाही. या प्रसंगाशी मी दर वेळी थबकतो. बाई काही दुष्ट नाहीत. पण आपल्या ताटाशेजारी बसणाऱ्या माणसाची काळजी या पोरीने शाळेत कुठल्या तासाला बोलून दाखवायची?

पिरजादा तिला खाऊ आणतात. त्यातली एक गोळी रात्री तोंडात ठेवून, कुणी न शिकवता, ती त्यांच्या मुलींसाठी प्रार्थना करते. कधीही न पाहिलेल्या मुलींसाठी! कोण आपलं, या प्रश्नाचं इतकं खरं उत्तर मी फार थोड्या कथांत वाचलं आहे.

याच संग्रहातल्या मिसेस सेन परदेशात जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरतात, अख्ख्या ताज्या मासळीसाठी झुरतात. कोकणातल्या तुम्हा मंडळींना घरापासून दूर असतानाची ही ओढ वेगळी सांगायला नको. इथल्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरण्यांत गेले. आज आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं इथल्याच शाळांत मराठीतून शिकतात. त्यांच्या घरी रात्री कुठल्या गावाच्या गोष्टी निघतात, तुम्ही कधी विचारलंत?

शाळेच्या यंदाच्या हस्तलिखित अंकात त्या गोष्टी येऊ द्या. आधी शेजारच्या बाकावरच्या मित्राला, मग आपल्या आजीला विचारा: गाव सोडताना सोबत काय घेतलंत, आणि काय मागे राहिलं? सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. अंक तयार झाला की मला जरूर कळवा, वाचायला मी पुन्हा येईन.