टोयोटाची पत आणि कामगाराच्या हातातील दोरी



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘टोयोटा’ असे उत्तर दिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उघड आश्चर्य दिसले. ज्याने आयुष्यभर कामगारांच्या सभा घेतल्या आणि ज्याच्या दारात सायकलीपलीकडे वाहन उभे राहिले नाही, त्याने जपानी मोटारींच्या कारखान्यावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विपरीत वाटेल. आम्ही मोटारीचे जाणकार नाही, आणि आमचे शिक्षणही वाचनालयाच्या बाकावर झाले आहे. परंतु मालाची पत कशी मिळते आणि कशी जाते, हा प्रश्न जितका मालकाचा तितकाच कामगाराचा आहे. तो समजून घेण्यास या कारखान्याइतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे आढळले नाही.

अमरावतीहून अकोल्यास जाणारा रस्ता आपण सर्व जाणता. पुष्कळ वर्षे तो रखडला. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहा. पुढाऱ्यांच्या ताफ्यात इनोव्हा, लग्नाच्या वऱ्हाडात इनोव्हा, आजाऱ्याला नागपूरला नेणारीही इनोव्हाच. भाड्याची गाडी चालविणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही विचारले, “दादा, एवढे पैसे घालून हीच गाडी का घेतली?” ते म्हणाले, “रस्त्यात दगा देत नाही.” बस्स! जाहिरातीवर कोट्यवधी रुपये उधळूनही जी गोष्ट विकत मिळत नाही, ती या चार शब्दांत आहे.

ही पत आली कोठून? तिचा शोध घेत मागे गेलो तर आपण मोटारीच्या कारखान्यात पोहोचत नाही; आपण पोहोचतो कापसापाशी. म्हणजे आपल्याच विषयापाशी!

१८६७ साली आगगाडी बडनेऱ्यावरून पुढे नागपूरला पोहोचली. त्याच वर्षी जपानमध्ये एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा जन्मला. आई हातमागावर राबते आहे, गावातील बाया राबताहेत, हे पाहत तो वाढला आणि मागच सुधारण्याचा त्याने ध्यास घेतला. १८९१ साली त्याला लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. पुढे दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, जमशेटजी टाटांनी एका जपानी जहाज कंपनीच्या साहाय्याने मुंबई ते जपान असा जहाजमार्ग सुरू केला. तो मुख्यतः हिंदी कापूस नेण्यासाठी. आमच्या या उमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसाला परदेशच्या बाजारात ‘उमरा’ म्हणत, आणि जपानच्या गिरण्या या आखूड धाग्याच्या कापसाच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या. साकिचीच्या मागावर आमच्या आजोबा-पणजोबांनी वेचलेला कापूस चढला नसेलच, असे कोणी सांगावे?

आता त्याच्या मागाचे वैशिष्ट्य पाहा. साध्या यंत्रमागावर धागा तुटला तरी यंत्र चालूच राहते आणि सदोष कापड विणीत बसते. म्हणून त्याच्यापुढे एक माणूस डोळे फाडून उभा करावा लागतो. १८९६ च्या यंत्रमागात साकिचीने अशी योजना केली की आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा. १९२४ साली त्याचा जो प्रसिद्ध स्वयंचलित माग तयार झाला, त्यात चालत्या मागावरच धोटा बदलला जाई, आणि उभा धागा तुटला तरी माग थांबे. जपानी लिपीत ‘हालणे’ या चिन्हाला ‘माणूस’ हे चिन्ह जोडले म्हणजे ‘काम करणे’ हे अक्षर होते. स्वयंचलन या शब्दातील ‘हालणे’ काढून टोयोटाच्या लोकांनी तेथे हे अक्षर बसविले, आणि त्या शब्दाला ते ‘जिदोका’ म्हणतात. नुसते हालते ते यंत्र. दोष दिसताच थांबते ते काम. आमच्या मते या घराण्याचे सारे तत्त्वज्ञान एवढेच आहे.

येथे आमच्यातील जुना गिरणी कामगार उठून विचारील, “एका माणसाने अनेक माग सांभाळायचे, तर बाकीच्यांनी कोठे जायचे?” प्रश्न रास्त आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो प्रचंड संप झाला, त्याचे एक मोठे कारण हेच होते. यंत्र सुधारले तर सुधारणेचा वाटा कोणाला, हे यंत्र ठरवीत नाही, माणसे ठरवितात. हा मुद्दा बाजूला ठेवू. पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

१९२९ मध्ये विलायतेतील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. सगळ्या जगाला गिरणीयंत्रे पुरविणाऱ्या कंपनीने सुताराच्या पोराचा माग विकत घ्यावा, ही लहान गोष्ट नव्हे. साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारीच्या नादी लागला होता. १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचे खाते उघडले गेले, आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्र झाली. ‘टोयोडा’चे ‘टोयोटा’ त्याआधी वर्षभर झाले. तसे लिहिल्यास कुंचल्याचे आठ फटकारे होतात आणि आठ हा आकडा तिकडे शुभ. पण शुभ आकड्याने गाडी चालत नाही. १९३५ चे त्यांचे पहिले ट्रक रस्त्यात वारंवार बंद पडत. जी आज दगा देत नाही, ती तेव्हा पावलोपावली दगा देत होती.

आता १९५० साल. युद्धात हरलेला देश, गाड्यांना गिऱ्हाईक नाही, बँका दारात. आदल्या वर्षीच्या अखेरीस कामगारांनी दहा टक्के पगारकपात पत्करली होती ती एका अटीवर, की कोणालाही कामावरून काढणार नाही. काही महिन्यांतच सुमारे १,६०० कामगार कमी करण्याची योजना पुढे आली. संप झाला, दोन महिने चालला. शेवटी कपात टळली नाही. परंतु दिलेला शब्द मोडला म्हणून जून १९५० मध्ये किइचिरोने अध्यक्षपद सोडले. आमच्या तीस वर्षांच्या चळवळीत कामगार गेलेले आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांच्यापाठोपाठ मालक खुर्चीवरून उठलेला मात्र पाहिला नाही. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकन सैन्याच्या ट्रकांच्या मागण्या आल्या आणि कारखाना वाचला. किइचिरो १९५२ साली वारला.

त्यानंतरच्या उभारणीत ज्याचे नाव घ्यावे लागते तो ताइइची ओनो. हा गृहस्थ मूळचा टोयोडांच्या सूतगिरणीतला. मागाची गोष्ट त्याने मोटारीच्या कारखान्यात आणली. पट्ट्यावरून गाडी पुढे सरकते आहे, प्रत्येक जण आपापला भाग बसवितो आहे. कामगाराच्या डोक्यावर एक दोरी. दोष दिसला की त्याने ती ओढावयाची. वर दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर सारा पट्टा थांबतो. मग ‘कोणी केले?’ असे विचारावयाचे नाही. ‘का झाले?’ असे विचारावयाचे, आणि तेही पाच वेळा, मूळ सापडेपर्यंत. जितका माल लागतो तितकाच पुढच्याने मागच्याकडून चिठ्ठी देऊन मागवावयाचा, ही त्यांची दुसरी प्रसिद्ध पद्धत. तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. आम्ही ती एवढ्यावरच सोडतो. आमचे सारे लक्ष त्या दोरीवर आहे.

ते का, हे सांगितले पाहिजे. वयाच्या अठराव्या वर्षी आम्ही एका जिनिंग फॅक्टरीत हंगामी कामाला होतो. रात्रपाळीत एका जिनाचे बेअरिंग तापलेले हाताला लागले, म्हणून आम्ही तो बंद केला. फोरमन ओरडत आला, “काहून बंद केला बे? तुह्या बापाची हाय का मशीन?” जिन पुन्हा सुरू झाला आणि आमची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. पुढे चौथ्या रात्री त्याच जिनापाशी रुईने पेट घेतला. कापूस भरणाऱ्या एका बाईचे दोन्ही हात भाजले. मालकाला विमा मिळाला. बाईला काय मिळाले ते विचारू नका. बेअरिंग तापल्याचे तेथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे नाही, थांबविण्याचा अधिकार नव्हता. आम्ही संघटनेत गेलो तो त्या रात्रीपासून.

कोणी म्हणेल, जपानी माणूसच शिस्तीचा, आपल्याकडे हे जमावयाचे नाही. त्याला उत्तर जपानबाहेरचे आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे, निकृष्ट माल यांसाठी बदनाम. १९८२ साली तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी तेच, त्यांची युनियनही तीच. फक्त त्यांच्या हातात दोरी आली, आणि ती ओढल्याबद्दल शिव्या मिळेनाशा झाल्या. थोड्याच काळात तेथील गाड्या अमेरिकेतील उत्तम गाड्यांत मोजल्या जाऊ लागल्या. कामगार कामचुकार म्हणून माल वाईट, असे म्हणणाऱ्यांनी फ्रीमाँटचा विचार अवश्य करावा.

पण श्रोतेहो, आम्ही येथे कोणाची आरती ओवाळण्यास उभे नाही. जगात पहिला क्रमांक गाठण्याच्या धावपळीत याच कंपनीची दोरी सैल झाली. २००९-१० मध्ये गाडी आपोआप वेग घेते अशा तक्रारी आल्या, अपघातांत माणसे गेली, आणि पायपुसणी व अडकणारे पेडल यांपायी लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचीचा पणतू आकिओ टोयोडा अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे बसला आणि वाढीचा वेग फार झाला असावा, अशी कबुली त्याने दिली. २०१४ मध्ये, ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात, १२० कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या दायहात्सू कंपनीत सुरक्षा-चाचण्यांत वर्षानुवर्षे लबाडी झाल्याचे उघड झाले. चौकशी समितीने कारण दिले ते नवी गाडी ठरल्या तारखेला काढण्याच्या दडपणाचे. म्हणजे आमच्या जिनिंगमधलेच. दोष दिसत होता, थांबविण्याची सोय राहिली नव्हती.

आणि आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. गाडीतील दोषासाठी दोरी आहे. माणसाच्या थकव्यासाठी आहे काय? २००२ साली टोयोटाच्या जपानमधील कारखान्यात तिशीतला एक कामगार पहाटे कामावरच कोसळला आणि मरण पावला. त्याच्या पत्नीने कोर्टात दाद मागितली. गुणवत्ता सुधारण्यासाठी कामगारांची जी मंडळे पाळीनंतर बसत, त्यांना कंपनी ऐच्छिक मानी. नागोयाच्या न्यायालयाने २००७ मध्ये निर्णय दिला की तेही कामच होय, आणि हा मृत्यू अतिश्रमाचा होय. पुढल्या वर्षी कंपनीने त्या तासांचा मोबदला देण्याचे ठरविले. ज्या गुणवत्तेने पत मिळविली, तिचे कित्येक तास कामगाराच्या झोपेतून कापलेले होते, हे एका विधवेच्या चिकाटीने जगाला कळले.

आपल्याकडे १९९७ साली किर्लोस्करांशी भागीदारी होऊन बंगळुरूजवळ बिडदी येथे कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर साकिचीहून दोनच वर्षांनी लहान. एकाने माग घडविला, दुसऱ्याने लोखंडी नांगर. दोन्ही घरांची पुढची पिढी एकत्र आली, हा योग सुंदरच. परंतु त्याच बिडदीत २००६, २०१४ आणि २०२० साली टाळेबंदी झाली. शेवटच्या तंट्यात कामाचा वाढलेला बोजा ही कामगारांची तक्रार होती, तर बेशिस्त हे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. खरेखोटे येथून ठरविणे उचित नव्हे. पण जेथे पट्टा थांबविता येतो तेथेही बोलणे थांबू शकते, एवढा बोध पुरे.

हे सारे आज अमरावतीत सांगण्याचे कारण आहे. ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने याच कंपनीशी छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. गुंतवणुकीचा आकडा सुमारे वीस हजार कोटींचा जाहीर झाला. वऱ्हाडच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि आमची पोरे आयटीआयचा कागद घेऊन पुण्याकडे, चाकणकडे गेली. उद्या ती तिकडेही जातील. जावोत! आम्ही त्यांना अडविणार नाही. मात्र मुलाखतीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी बापाने मुलाला पगाराबरोबर आणखी तीन प्रश्न शिकवून धाडावे. दोष दिसला तर मला काम थांबविता येईल काय? तो अधिकार कंत्राटी कामगारालाही आहे काय? आणि मी थकलो तर कोणती दोरी ओढू?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर टोयोटाने शंभर वर्षांपूर्वी मागात बसवून दिले. तिची पत त्यावर उभी राहिली, आणि उत्तर विसरली तेव्हा ढासळली. उरलेली दोन उत्तरे कोणताही मालक आपण होऊन यंत्रात बसवून देणार नाही. ती कामगारांनी एकत्र येऊन मिळवावी लागतात. त्या जिनिंगमधल्या बाईचे हात आम्हांला अजून आठवतात, म्हणून एवढे बोललो.