शनिवारी दुपारी तीन वाजता

(दहावी 1992 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'परदेशातील माझे अनुभव'. तो मी बाजूला ठेवतो. थंडी, पाऊस आणि मिळत नसलेला झणझणीत तांबडा रस्सा, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं फार नाही. त्यापेक्षा आपल्या वर्गाच्या ग्रुपवर गेली दहा वर्षं जे भांडण चालू आहे, ते आज समोरासमोर मिटतंय का बघू. विषय इंग्लंडची प्रीमियर लीग. फुटबॉलमध्ये रस नसलेली माणसं कोल्हापुरात कमी, पण आहेत. त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. जेवणाची वेळ चुकणार नाही.

भांडणाचं मूळ सर्वांना माहीत आहे. मी राहतो लेस्टरला. आमचा संघ 2025 मध्ये पुन्हा खालच्या विभागात गेला, त्यामुळे मला प्रीमियर लीगवर बोलायचा अधिकार नाही, असं युनायटेडवाल्यांचं म्हणणं. त्यावर मी एकदा लिहिलं की ज्यानं जन्मात त्या मैदानावर पाय ठेवला नाही, त्याला तरी कुठला अधिकार? झालं. लिव्हरपूलवाला ग्रुप सोडून गेला. त्याला परत आणायला आपल्या वर्गप्रतिनिधीला तीन आठवडे लागले. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि अजून माझ्याकडे बघत नाही.

तर मुद्द्याचं बोलतो.

आपण दहावीची परीक्षा दिली मार्च 1992 मध्ये आणि प्रीमियर लीग सुरू झाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पहिल्या हंगामात 22 संघ होते आणि 462 सामने. त्यातले इंग्लंडच्या टीव्हीवर थेट दिसायचे 60. आता 20 संघ आहेत, प्रत्येकाचे 38 सामने, म्हणजे एकूण 380. 2025-26 च्या हंगामापासून त्यातले किमान 267 तिकडे थेट दाखवतात. उरलेले का नाही दाखवत? कारण ते शनिवारी दुपारी तीनला सुरू होतात. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. सामना आमच्या गावात, पण आम्हाला दिसत नाही. तुम्हाला मात्र मंगळवार पेठेत, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन, उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला तो व्यवस्थित दिसतो.

ही बंदी आली 1960 च्या दशकात, आणि तिच्यामागे होता बॉब लॉर्ड नावाचा गृहस्थ. धंद्यानं खाटीक, आणि बर्नली क्लबचा अध्यक्ष. बर्नली हे कापडगिरण्यांचं लहानसं गाव, पण 1960 मध्ये त्यांचा संघ इंग्लंडचा विजेता झाला होता. लॉर्डची भीती साधी होती. मँचेस्टरच्या मोठ्या संघाचा सामना घरबसल्या दिसायला लागला, तर बर्नलीचा माणूस पावसात छत्री घेऊन मैदानावर कशाला येईल? आणि तिकिटाचे पैसे आले नाहीत, तर लहान क्लब जगणार कशावर? बीबीसीच्या कॅमेऱ्यांना त्यानं आपल्या मैदानात अनेक वर्षं पाऊल ठेवू दिलं नाही. माणूस हट्टी होता, सगळ्यांशी भांडायचा. त्याच्यासारखे आपल्या तालमींतही दोन-चार सापडतील.

त्या वेळी ही भीती लोकांना हास्यास्पद वाटली असणार. 22 ऑगस्ट 1964 ला बीबीसीनं 'मॅच ऑफ द डे' सुरू केलं. पहिला सामना लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. टीव्हीवर तो पाहणारे होते सुमारे 20 हजार, आणि मैदानात बसलेले त्यांच्या दुपटीहून जास्त. आज हे प्रमाण कुठल्या कुठे उलटलंय, हे सांगायला आकडे नकोत. या सभागृहात कोण कुठल्या संघाचा आहे हे विचारलं तरी पुरे.

आता 27 फेब्रुवारी 2016 चा शनिवार. सामना लेस्टर विरुद्ध नॉर्विच, वेळ दुपारी तीन. तो हंगाम तुम्हाला आठवतो. आदल्या वर्षी नाताळात लेस्टर तळाला होतं, आणि हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाले विजेतेपदाला एकास पाच हजारांचा भाव देत होते. फेब्रुवारीत तेच लेस्टर पहिल्या नंबरावर. तिकीट मिळणं अशक्य. मी मैदानापासून दोन मैलांवर घरात रेडिओला कान लावून बसलेलो. 89 व्या मिनिटापर्यंत 0-0. मग उलोआनं गोल मारला. तो कसा मारला, चेंडू कुणी दिला, बचावपटू कुठे चुकला, हे मला रेडिओपेक्षा सविस्तर सांगितलं आपल्या ग्रुपनं. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे सव्वादहा झाले होते.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून पुढचं खास त्यांच्यासाठी. त्या मैदानापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर हेझल कम्युनिटी प्रायमरी स्कूल नावाची प्राथमिक शाळा आहे. भूकंप कसा मोजतात हे मुलांना कळावं, म्हणून तिथे लेस्टर विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नुकतंच एक भूकंपमापक यंत्र बसवलं होतं. उलोआचा गोल झाला, सगळं मैदान एकदम उठून नाचलं, आणि यंत्रावर 0.3 तीव्रतेच्या भूकंपाएवढी नोंद झाली! देशातल्या एकाही टीव्हीवर थेट न दिसलेल्या गोलानं जमीन हलली.

यावरून माझी बाजू मजबूत झाली असं तुम्हाला वाटेल. थांबा, तुमची बाजूही मांडतो. दिसण्याचाच प्रश्न असेल, तर घरी बसलेल्याला जास्त दिसतं, हे मला मान्य आहे. मैदानात मी एका गोलामागे बसतो. पलीकडच्या गोलाजवळ काय झालं ते मला पुढच्या माणसाच्या टोपीवरून अंदाजानं कळतं. 2019 पासून पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला, तेव्हापासून तर विचारूच नका. ऑफसाइडच्या रेषा ओढलेल्या तुम्हाला दिसतात, आम्ही तीन-तीन मिनिटं आकाशाकडे बघत उभे. माझ्या शेजारी बसणारे एक सत्तरीचे आजोबा अशा वेळी मला विचारतात, "तुझे इंडियावाले मित्र काय म्हणतायत?" आणि मी ग्रुप उघडून त्यांना निकाल सांगतो. मोबाइलवरचं प्रक्षेपण मात्र अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं, म्हणून मी मैदानातून 'गोल' लिहायचं नाही, हा नियम ग्रुपनं केलाय, आणि तो मी पाळतो.

पण काही गोष्टी पडद्यावर दिसूनही कळत नाहीत. त्याच फेब्रुवारीत, 6 तारखेला, लिव्हरपूल विरुद्ध सुंदरलँड सामना होता. तोही शनिवारी तीनचा. लिव्हरपूल 2-0 नं पुढे, आणि 77 व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालायला लागले. आपला लिव्हरपूलवाला ग्रुपवर खवळला होता. "जिंकताना उठून जातात, हे कसले पाठीराखे? आमची पेठ असती तर शेवटच्या शिट्टीपर्यंत हलली नसती." ते का उठले होते? नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट क्लबनं 77 पौंडांचं ठरवलं होतं. म्हणून 77 व्या मिनिटाला बाहेर पडायचं, असं आधीच ठरलं होतं. संघावर जीव असलेली माणसं, पुढे असलेला सामना सोडून निघाली. त्यानंतर सुंदरलँडनं दोन गोल केले आणि सामना 2-2 सुटला. पण पुढच्या काही दिवसांत मालकांनी ती दरवाढ मागे घेतली.

हे त्यांना कशासाठी करावं लागलं? क्लबांकडे टीव्हीचा इतका पैसा येतो, की मैदानात बसणाऱ्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. सामना शनिवारचा सोमवारी रात्री जातो, कारण टीव्हीला तो सोमवारी हवा असतो. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूकॅसलचे लोक लेस्टरला आले ते सोमवारी रात्री आठच्या सामन्याला. अंतर सुमारे 300 किलोमीटर, कोल्हापूर-पुण्यापेक्षा लांब. सामना सुटला दहाच्या सुमारास. पहाटे घरी पोहोचून सकाळी आठला कामावर. तुम्हाला तो सामना मध्यरात्रीनंतर जागून पाहावा लागला म्हणून तुमची कुरकुर होती, ती मी वाचली. त्यांचं जागरण वेगळं होतं.

आणि 2020 आठवा. महामारीत लीग थांबली, 17 जूनला परत सुरू झाली, मैदानं रिकामी. तेव्हा उरलेले सगळे सामने ब्रिटनमध्ये थेट दाखवले, तीन वाजताची बंदीही बाजूला ठेवली. मला वाटलं होतं, आता चैन. पण दहा मिनिटं बघवेना. खेळाडू तेच, चेंडू तोच, पण सगळं सरावासारखं वाटायचं. मग स्काय वाहिनीनं त्यावर गर्दीचा आवाज घातला, आणि तो आणला कुठून? फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधून! त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. टीव्हीवाले आपल्याला फक्त खेळ विकत नाहीत, ते मैदानात आलेल्या माणसांना विकतात. ती माणसं नसली, तर त्यांची नक्कल करून विकावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि हे मी लिव्हरपूलवाल्याकडे बघून बोलतोय. टीव्हीवर बघणारा खोटा आणि मैदानावर जाणारा खरा, असं मी म्हणत नाही. तू रात्री साडेबाराला उठून, बायकोची बोलणी खाऊन, वीस वर्षं सामने बघितलेस. त्या निष्ठेला मी काय तोलणार? पण तुझ्या त्या निष्ठेचा हिशोब तुझ्या लिव्हरपूलला कधी लागणार नाही. तुझं वय त्यांना ठाऊक नाही, 77 व्या मिनिटाला तू उठलास तरी त्यांना कळणार नाही. जिथे तुझ्या उठण्या-बसण्यानं फरक पडतो असं एक मैदान तुझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, आणि तिथे तू शेवटचा कधी गेलास, हे मला सांग.

शाहू स्टेडियमबद्दल बोलतोय, हे तुम्ही ओळखलंत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल ही नावं घेतली की इथल्या अर्ध्या लोकांच्या भुवया अजूनही वर जातात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, असं गाव मी इंग्लंडात कुणाला सांगितलं की ते दोनदा विचारतात. हुल्लडबाजी होते, दगड पडतात, सामने थांबतात, हे मलाही माहीत आहे. त्याचा राग येतोच. पण तिथे ईर्षा अजून जिवंत आहे, आणि आपल्या गावातला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो काही टीव्ही बघून तयार झाला नाही.

काल संध्याकाळी शाळेचं मैदान बघायला गेलो. पीटीचे सर सोबत होते. सर, तुम्ही सांगितलंत ते इथे सांगायची परवानगी घेतली आहे मी. सर म्हणाले, "मुलांना हालंडनं किती गोल मारले ते तोंडपाठ आहे. पण सरावाला अकरा जमत नाहीत. सात जमतात, आठ जमतात." आपल्या वेळी एका वर्गात दोन संघ व्हायचे आणि तरी चार जण रडत बाहेर बसायचे. त्यातला एक मी. आज गोलपोस्टला जाळी नाही. एका बाजूचा खांब वाकलाय, दुसऱ्या बाजूला मुलं दप्तरं ठेवून गोल करतात.

आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी जमवला आहे. दोन प्रस्ताव आहेत. एक, सभागृहात मोठा पडदा आणि प्रोजेक्टर. दुसरा, मैदानासाठी दोन गोलपोस्ट, जाळ्या, वीस जोड बूट आणि सरांच्या हाताशी एक तरुण प्रशिक्षक वर्षभर. पडद्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, त्याचा उपयोग सगळ्या मुलांना, आणि जाळ्यांचा फक्त खेळणाऱ्यांना. मुद्दा खोटा नाही. पण पडदा या मुलांच्या खिशात आधीच आहे. माझं मत जाळ्यांना. मतदान जेवणानंतर आहे, चिठ्ठ्या वर्गप्रतिनिधीकडे मिळतील.

आणि उद्या रविवार. शाहू स्टेडियमवर चार वाजता सामना आहे. मी तिकिटं काढून ठेवली आहेत, अकरा. दहा जणांची नावं आली, एक शिल्लक आहे. तिसऱ्या रांगेत कुणाला हवं असेल, तर साडेतीनला गेटपाशी.