लहान मुलाचे शौचभांडे : निवड आणि सवय

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात पावसाळा जूनमध्ये उतरतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत मुक्काम हलवीत नाही. अणशीच्या बाजूला तर सूर्यदर्शनही दुर्मिळ होते. अशा दिवसांत दीड-दोन वर्षांचे मूल घरात असलेल्या गृहिणीची खरी परीक्षा स्वयंपाकघरात नसून दुपट्यांच्या दोरीवर असते. धुतलेले दुपटे दोन दिवस वाळत नाही. चुलीच्या वर टांगावे तर त्याला धुराचा वास लागतो. रात्री मुलाने ‘शी’ म्हटले तर त्याला घेऊन परसात जावे लागते, आणि परसात पायाला जळवा लागतात. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानालगत ज्यांची घरे आहेत त्यांना बिबट्याचे व अस्वलाचे भय निराळेच. तेव्हा मुलाला शौचाची सवय लावण्यासाठी घरात कोणते साधन ठेवावे, हा प्रश्न येथे शहरी हौसेचा नाही. त्यात आईची झोप आहे आणि मुलाचे आरोग्यही आहे.

मराठी व कोंकणी घरांत एक साधन पूर्वापार चालत आलेले आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. आई किंवा आजी पाटावर अगर पायरीवर बसते, दोन्ही पावले किंचित फाकवून समोर ठेवते आणि त्या पावलांवर मुलाला बसविते. मुलाची पाठ तिच्या नडगीला टेकते, गुडघे आपोआप वर येतात, आणि ती तोंडाने ‘शी-शी’ असा आवाज करीत राहते. या जुन्या पद्धतीत शरीरशास्त्राचे मर्म आलेले आहे. गुडघे कमरेहून वर आले म्हणजे गुदद्वाराच्या वरचा स्नायूंचा वळसा सैल पडतो व मळ कमी जोराने बाहेर येतो. पाय लोंबकळत असले म्हणजे नेमके उलट होते. बाजारातील कोणतेही भांडे पारखावयाचे तर ते आईच्या पावलांशी ताडून पाहावे : ते तितके बुटके आहे काय, पाठीला तितका आधार देते काय, मुलाला तितके निर्धास्त वाटते काय.

तथापि पावलांनाही मर्यादा आहे. मूल वर्ष-दीड वर्षाचे झाले की त्याचे वजन आईच्या घोट्यांना सोसवत नाही आणि मुलालाही स्वतः उठावे, बसावे असे वाटू लागते. भांड्याची वेळ आली ती येथे. मूल दोन-दोन तास कोरडे राहू लागले, शी होण्याआधी कोपऱ्यात जाऊ लागले, चड्डी खाली ओढू लागले आणि साधे सांगणे त्याला कळू लागले, म्हणजे ते तयार झाले असे समजावे. बहुतेक मुलांत ही चिन्हे दीड वर्षानंतर दिसू लागतात. शेजारच्या घरातील मूल वर्षाचे असतानाच शिकले, या ऐकीव गोष्टीने आईने लाजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये 1170 मुलांची माहिती प्रसिद्ध केली. मुलाच्या कलाने घेतले असता दिवसाचा ताबा सरासरी सुमारे 28 महिन्यांच्या वयास येतो, असे त्यांना आढळले. धाकदपटशाने घाई केली तर मूल मळ रोखून धरते, मळ कठीण होतो, बसताना दुखते, आणि दुखते म्हणून ते पुन्हा रोखते. एकदा हे चक्र सुरू झाले की उत्तमातले उत्तम भांडेही कोपऱ्यात पडून राहते.

आता निवडीकडे वळावे. दांडेलीच्या किंवा रामनगरच्या बाजारात प्लास्टिकची भांडी अनेक प्रकारची मिळतात. कोणी मोटारीच्या आकाराची दाखवितो, कोणी बदकाच्या, तर एखाद्यात बसताच गाणे वाजते. मूल या खेळण्यावर खूश होते यात शंका नाही, पण ते बसते खेळण्यासाठी आणि शी करते पलंगाखाली. शिवाय मोटारीच्या चाकांत व बदकाच्या मानेत ज्या खाचा असतात त्यांत घाण अडकते, आणि ती काढण्याचे काम बदक काही करीत नाही.

उंची प्रथम पाहावी. मुलाला भिंतीशी उभे करून टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर सुतळीने मोजावे आणि ती सुतळी बाजारात न्यावी. भांड्याची बैठक त्या मापापेक्षा दोन बोटे कमी असावी. दोन वर्षांच्या मुलाला ती साधारणपणे वितीहून थोडी कमीच लागते. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकलेच पाहिजेत. त्यानंतर बूड पाहावे. ते रुंद व जड असावे, कारण येथील पुष्कळ घरांतील जमीन शेणाने सारवलेली असते, ती सर्वत्र सारखी नसते, आणि मूल उठताना एका कडेवर भार देते. एकदा भांडे कलंडून मूल पडले की पुढे महिनाभर ते त्या भांड्याकडे पाहावयास तयार नसते. दुकानातच कडेवर हाताने दाब देऊन पाहावे, दुकानदार काही म्हणत नाही.

आतील वाटी सुटी निघणारी, गुळगुळीत आणि शक्यतो पांढरी असावी. पांढऱ्या वाटीत जंत, रक्त किंवा आव दिसून येते. गडद रंगात ते लपते. मुलग्यांसाठी पुढे जो उंचवटा असतो तो बुटका व बोथट असावा. उंच आणि धारदार असल्यास बसताना इजा होते. तामचिनीचे जुने भांडे घरात असेल तर ते टाकाऊ मानू नये, मात्र टवके उडालेले असल्यास ते वापरू नये.

प्रौढांच्या खुर्चीवजा संडासावर ठेवावयाची छोटी बैठकही मिळते. शहरात ती सोयीची आहे, परंतु तिच्याबरोबर पायाखाली चौरंग हवाच. जोयड्याच्या खेड्यांत बहुतेक ठिकाणी उकिडवे बसण्याचे संडास आहेत. 2014 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत ग्रामीण भागांत असे खड्ड्यांचे संडास पुष्कळ बांधले गेले. त्यांचे पसरट भांडे मोठ्या माणसाच्या मापाचे असते. अडीच वर्षांच्या मुलाला दोन्ही बाजूंना पाय टेकविताना ताण पडतो आणि खालचा काळोख त्याला गिळावयास येतो असे वाटते. हे भय खरे आहे, त्याला हसू नये. सुताराकडून एक जाड फळी करून घ्यावी, तिला मध्यभागी लहान भोक, कडा रंध्याने गुळगुळीत केलेल्या आणि खाली दोन पट्ट्या, म्हणजे ती सरकत नाही. समोरच्या भिंतीत धरावयास एक दांडी बसवावी. ज्या घरात ही फळी आहे तेथे बुटक्या भांड्यावरून संडासाकडे जाणे फारसे जड जात नाही. तीन वर्षांचे झाले की मूल अंगणवाडीत जाते. तेथे आईही नसते आणि बदकाचे भांडेही नसते. म्हणून प्रथमपासूनच उकिडवेपणाच्या जवळ जाणारी बैठक निवडावी, हे या भागापुरते तरी शहाणपणाचे आहे.

अंगणवाडीवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जोयड्यातील मूल घरी कोंकणी बोलते, गवळ्यांच्या वाड्यावर मराठीची एक बोली बोलते, आणि अंगणवाडीत त्याच्या कानावर कन्नड पडते. शी-शूसाठी घरात सर्वांनी एकच शब्द वापरावा आणि तो सेविकेच्या कानावर आधीच घालून ठेवावा. आपले म्हणणे बाईंना समजले नाही म्हणून चड्डी भिजलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेचे नाव काढू देत नाही.

भांडे कितीही चांगले घेतले तरी त्यातील मळाचे काय होते, हा विषय टाळता येत नाही, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. ‘बाळाची शी ती काय, त्यात कसली घाण!’ अशी समजूत सर्वत्र आहे. वास्तविक जंत आणि जुलाबाचे रोग लहान मुलांतच अधिक, म्हणून त्यांच्या मळातून ते पसरण्याचा संभवही अधिक. जंताची अंडी ओल्या सावलीच्या मातीत दोन-तीन आठवड्यांत पक्व होतात. आकडीकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या कातडीतूनच आत शिरतात. पावसाने सदा भिजलेले अंगण आणि अनवाणी खेळणारी मुले यांहून त्यांना काय हवे! बांगलादेशातील खेड्यांत एका मोठ्या प्रयोगात कुटुंबांना सुधारलेल्या संडासाबरोबर मुलांची शौचभांडी व मळ उचलण्याचे फावडे देण्यात आले. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहान मुलांतील जुलाब कमी झाले. मुलांची उंची मात्र त्याने वाढली नाही, तेव्हा भांड्याकडून पोषणाचेही काम होईल अशी आशा कोणी धरू नये.

वाटीतील मळ संडासातच टाकावा, उकिरड्यावर किंवा गटारात नव्हे. वाटी विसळलेले पाणीही संडासातच जावे. ओढ्यावर वाटी धुण्याचा मोह निग्रहाने टाळावा. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते, आणि रानातील ओढे अखेर तिलाच मिळतात. संडास नसेल तर विहिरीपासून व झऱ्यापासून दूर खड्डा करून मळ मातीने झाकावा. वाटी साबणाने घासून, ऊन असेल तेव्हा उन्हात पालथी घालावी. मुलाचे व आईचे हात साबणाने धुतले जावेत. दर 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी मिळणारी गोळी चुकवू नये. ती वर्षाच्या पुढील मुलांसाठी असते, आणि दोन वर्षांच्या आत अर्धीच देतात.

बाजारातील टाकाऊ लंगोट, ज्याला सर्वजण डायपर म्हणतात, त्याचा मोहही पावसाळ्यात मोठा असतो. अणशी घाटातून कारवारला बसने जावयाचे असेल, किंवा मूल आजारी असेल, तर त्याचा उपयोग कोणी नाकारणार नाही. परंतु तो रोजचा झाला की मुलाला ओलेपणा जाणवत नाही आणि सवय लांबते. तो संडासात टाकला तर नळी तुंबते, रानाकडेला टाकला तर कुत्री व रानजनावरे ओढून नेतात, आणि जाळला तर दुर्गंधीचा धूर होतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी तो गुंडाळून वेगळा द्यावा असे सांगितले, पण विखुरलेल्या वाड्यांतून कचऱ्याची गाडी फिरणार तरी कशी?

सवय लावण्यास ऋतूही निवडावा. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत सोयीचे. कपडे लगेच वाळतात, मुलाला घरात बिनचड्डीचे हिंडू देता येते आणि भांडे पडवीत ठेवता येते. जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आतड्यांची हालचाल वाढलेली असते. त्या वेळी मुलाला बसवावे, पाच मिनिटांहून अधिक नव्हे. झाले तर शाबासकी द्यावी, न झाले तर मुकाट्याने उठवावे. प्लास्टिक पहाटे गार लागते, त्यासाठी कडेवर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून तिला नाडीने बांधावे व रोज बदलावी.

पुढचा जून येईपर्यंत दिवसाचा प्रश्न बहुधा सुटलेला असतो. रात्रीचा सुटेलच असे नाही, आणि पाच वर्षांपर्यंत अंथरूण भिजणे हे वावगेही नाही. तोपर्यंत गादीवर मेणकापड, उशाशी विजेरी आणि खोलीच्या कोपऱ्यात ते बुटके भांडे राहू द्यावे, म्हणजे पावसात दार उघडण्याची वेळ येत नाही.