साक्षीपुराव्याआधीचा निकाल



हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी 1960 साली आली आणि पुढल्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, अलाबामातलं एक लहान गाव. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आळ येतो. तिच्या तोंडावरचा मार डावखुऱ्या माणसाचा. टॉमचा तर डावा हात लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झालेला. त्याचा वकील, ॲटिकस, हे भर कोर्टात दाखवून देतो. तरी ज्यूरी टॉमलाच दोषी ठरवते.

मला मात्र खटल्याहून जास्त बोचतो तो जेवणाचा प्रसंग. वॉल्टर नावाचं गरीब शेतकऱ्याचं पोर वकिलाकडे जेवायला येतं आणि वाढलेल्या सगळ्यावर भसाभसा काकवी ओतून घेतं. वकिलाची मुलगी त्याला टोकते. घरातली काळी स्वयंपाकीण तिला आत नेऊन चांगली झापते. दारी आलेला तो पाहुणा आहे. पुढे हीच मुलगी त्याला पुन्हा बोलवायचं म्हणते, तर आत्या साफ नकार देते. वॉल्टर गोराच की! पण हलक्या घरचा.

आपल्याकडे या कादंबरीच्या दहा वर्षं आधी, 1950 साली, विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ ही कादंबरी आली. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली होती. तारेच्या कुंपणाआडचं मांग-गारुड्यांचं जगणं त्यांनी लिहिलं. 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवता येत होत्या. टॉमचा निदान खटला तरी चालला. इथे जन्म हाच पुरावा. हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर पडायचं नाही. ॲटिकससारखा भला वकील भेटला की वाचक मनातल्या मनात त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि मोकळा होतो. ‘बळी’ वाचताना मला अशी सुटका मिळाली नाही. कायदा इंग्रजांचा, पण हजेरी घेणारे हात आपलेच होते.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून गेला. नजर गेली का? आपल्या केळापूर तालुक्यात या, जगदंबेच्या यात्रेत फिरा, नाहीतर पांढरकवड्याच्या बाजारात. पारधी बेड्यावरची बाई दुकानासमोर थांबली की गल्ल्यावरचा माणूस आधी तिच्या हातांकडे बघतो. तिला काय हवंय हे नंतर. गावात चोरी झाली की पहिलं बोट बेड्याकडे. कोलाम आदिवासीचं पोरगं पोडावरून, म्हणजे आपल्या वस्तीवरून, शाळेत आलं, की ‘जंगलातलं आहे, त्याला काय येणार’ हे पाटी बघण्याआधीच ठरलेलं असतं. आणि असं ठरवणारा काही फार मोठा असामी नसतो. बहुधा तोही उधारीवर बियाणं आणणारा कोरडवाहू शेतकरीच. उतरंडीत आपल्याखाली कुणीतरी आहे, एवढाच त्याला दिलासा. टॉमवर आळ घेणारं कुटुंबही गावाच्या उकिरड्यामागे राहत होतं, हे हार्पर ली यांनी उगाच नाही लिहिलं.

‘बळी’ मिळवून वाचा. तुमच्या गावच्या वाचनालयात नसेल, तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा. आणि पुढच्या वेळी चोरीची बातमी कानावर आली, की नाव घेण्याआधी एवढंच विचारा: पाहिलं कुणी?